वस्तीची गाडी

अकरा वर्षं मी वेंगुर्ल्याला मुक्कामाला होतो
आणि वेंगुर्ला पाहिलं नव्हतं.

कोल्हापुरातनं अडीचला सुटायची गाडी.
गगनबावड्याला चहा, करूळ उतरताना कानात दडे,
कुडाळात निम्मी रिकामी,
आणि आठाला आम्ही दोघं, मी आणि ईश्वरा चौगले,
अंधारात एका वासापाशी पोचायचो.
मासळी, डिझेल, ओलं सुंभ.
गाव म्हणजे तेवढंच.
पहाटे साडेपाचला डबल बेल,
मागं ते तसंच, न फोडलेल्या पाकिटासारखं.

मग एकदा पाटा तुटला.
मार्च असेल. किंवा एप्रिलचा पहिला आठवडा.
सावंतवाडीहून पाटा यायला चार वाजतील म्हणाले.
ईश्वरा गाडीखालीच आडवा झाला.
मी पैशाची बॅग खांद्याला तशीच ठेवून
बंदराकडं चालत गेलो.

आमच्याकडं ऊन वरनं पडतं.
उसावर पडतं, गुऱ्हाळाच्या धुरावर,
तालमीतनं निघालेल्या पोरांच्या पाठीवर पडतं,
आणि पडलं की पडलं, उठत नाही.
तिथं ते खालनंही येत होतं,
पाण्यातनं उसळून होड्यांच्या पोटावर हलत होतं,
आणि माझ्या हनुवटीखाली,
जिथं आजवर फक्त न्हाव्याचा हात पोचला होता.

एकजण होडीला निळा रंग देत होता.
निम्मी झाल्यावर बिडी ओढायला बसला.
उरलेली निम्मी वाट बघत राहिली
आणि तिचं काही बिघडलं नाही.
अकरा वाजले तरी कुणी वेळ विचारेना.
एसटीच्या माणसाला हे पचायला जड जातं, भावा.

त्याचा नातू माझा पंच मागायला लागला.
बदामाच्या पानाला मी भोकं पाडून दिली, पाच की सहा.
पोरानं पान उन्हाकडं धरलं
आणि त्याच्या तोंडावर तेवढेच ठिपके पडले.
आयुष्यात तेवढंच तिकीट मी फुकट फाडलं.

"थांब मरे," गिरप म्हणाला,
"ऊन कलला काय मगे कळात तुका."
थांबलो.
कललं.
काय ते मला अजून सांगता येत नाही.
साडेचारला पाटा बसला होता.

घरी सांगितलं, चार गुंठे मिळतायत, नऊ माड, एक विहीर.
मालन भाकरी थापत होती. थापतच राहिली.
"आणि तांबडा रस्सा कोण करणार तिथं, समुद्र?"
पुढं पोरीचं लग्न निघालं, मग गुडघा,
मग गिरपाचा फोन कुणीतरी दुसरंच उचलायला लागलं.

आता रोज संध्याकाळी रंकाळ्यावर चालतो.
भेळेच्या गाड्यांमागं ऊन पाण्यात उतरतं
आणि मालन म्हणते, हे काय कमी आहे?
कमी नाही.
कठड्यावर वाकून मी हनुवटी पुढं करतो.
लोकांना वाटतं, म्हातारा मासे बघतोय.

पण सकाळी साडेअकराला मी स्टँडवर असतो.
वेंगुर्ला गाडी लागते. माणसं उतरतात,
कुणाच्या पोत्यात सोलं, कुणाच्या डब्यात सुकट.
मागल्या काचेवर बोट फिरवून जिभेला लावतो.
धूळ असते. बावड्याच्या अलीकडची.
तरी रोज लावतो.

परवा नवी कंडक्टर होती, पोरगीच,
गळ्यात तिकिटाचं मशीन, नखावर उडालेला रंग.
"काका, कुठं जायचंय?"
कुठं नाही, म्हटलं. वस्तीला किती वाजता पोचतीस?
"आठ. सव्वाआठ."
आणि निघतीस?
"साडेपाच."

माझ्या तोंडातनं पटकन गेलं,
देव करो आणि पोरी, तुझी गाडी बिघडो,
तिथंच, भर बंदरात, चांगली दिवसभर.

तिनं माझ्याकडं असं बघितलं
की मी कंट्रोलर केबिनकडं सरकलो,
आणि तिथल्या फळ्यावरचं वेळापत्रक
उगाचच
पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.